कुणीतरी 'बर' म्हणालं

किरगीझ मुलखातल्या इस्सिक-कुल सरोवराच्या दक्षिण काठावर जुलैत घरांची छपरं दिसत नाहीत. सगळीकडे जर्दाळू वाळत पडलेले असतात. बुरुलकानच्या गोठ्याचं छप्परही भरत आलं होतं. ती शिडीवर उभी राहून फळं उकलत होती, बिया डब्यात टाकत होती. खाली अंगणात तिची सून झेबो टोपली भरून वर देत होती. 'सून' हा शब्द अजून बुरुलकानच्या जिभेवर बसला नव्हता. महिन्यापूर्वी ती दारात उभी राहीपर्यंत बुरुलकानने तिचा फोटोसुद्धा पाहिला नव्हता.

बुरुलकानने उभा जन्म गावच्या शाळेत गणित शिकवलं होतं. तिचा एकुलता एक मुलगा एर्मेक सैबेरियात लाकडाचे ट्रक चालवायचा. गेल्या हिवाळ्यात एका बर्फाळ दुपारी त्याचा ट्रक रस्त्याच्या कडेला उभा सापडला. दार उघडं होतं, आत तो नव्हता. बर्फ वितळेपर्यंत लोकांनी शोधलं. काही म्हणजे काही हाती लागलं नाही. मग जूनमध्ये ही ताजिक पोर एक पिशवी आणि पुढे आलेलं पोट घेऊन बसमधून उतरली. लाकूडतोड्यांच्या तळावर स्वयंपाक करायची. "मी एर्मेकची," एवढंच म्हणाली आणि उंबऱ्याबाहेर थांबली.

शेजारीण टोमणा मारून गेली, "बघ हो बुरुलकान, सैबेरियात ट्रकवाले काय कमी आहेत?"

बुरुलकानने महिने मोजले. हिशेब जुळत होता, पण मन जुळत नव्हतं. तरी तिने मुलीला खोली दिली. दोघी रशियनमध्ये बोलायच्या, तेही कामापुरतं. झेबो तिला आपा म्हणायची, तिकडे वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं.

तर त्या दिवशी शिडीवर असताना तिला सरोवराकडून आवाज आला. पुरुषाचा, हलका, घाई नसलेला.

"बर."

आपल्याकडे सांगितलेलं ऐकून कुणी 'बरं' म्हणतं, तसाच काहीसा. पण बुरुलकानच्या किरगीझमध्ये 'बर' म्हणजे 'आहे'. आणि तोच शब्द जरा दाबून म्हटला, तर 'जा'. तिचा चाकू थांबला. एर्मेक लहानपणी लपाछपीत पिंपामागे बसायचा आणि ती "आहेस का रे?" म्हणाली की न राहवून "बर!" म्हणायचा. आवाज तोच होता, फक्त आता पोक्त झालेला.

वाऱ्याने कुठली तरी हाक इकडे आणली असेल, असं स्वतःला सांगून तिने पुढचं फळ उचललं.

दोन-तीन दिवसांनी तो आवाज पॉप्लरच्या झाडांच्या रांगेतून आला. मग पाटाच्या अलीकडून. मग भर उन्हात, अंगणाच्या फाटकाशी. फाटक उघडून पाहिलं तर वाटेवर शेजाऱ्यांचं गाढव आणि धूळ.

"ऐकलंस का काही?" तिने झेबोला विचारलं.

"नाही, आपा." उत्तर फार लवकर आलं. झेबोने मान वर केली नाही, पण तिच्या हातातला जर्दाळू चिरडून रस मनगटावर ओघळला.

उन्हाळ्यात बुरुलकान समोरची खोली पाहुण्यांना द्यायची. ऑगस्टमध्ये तिबिलिसीहून योनान नावाचे वृद्ध गृहस्थ आले. असीरी ख्रिस्ती घराण्यातले, आजोबा चर्चमध्ये धर्मगुरू होते. बोलघेवडे, चहात मुरंबा घालून पिणारे. एका संध्याकाळी तिघं ओसरीवर चहा घेत होती. ऊन अजून अंगणात होतं. झेबो पाव मोडत होती.

"बर."

या वेळी तो ओसरीच्या पायरीवरून आला.

योनानने पेला खाली ठेवून मागे वळून पाहिलं. "कोण आलंय?"

म्हणजे हे आपल्याच कानात नव्हतं. बुरुलकानने जमेल तेवढ्या साध्या आवाजात विचारलं, "तुम्हाला काय ऐकू आलं?"

"अहो, कुणीतरी 'बर' म्हणालं ना! आजोबांची आठवण झाली. आमच्या चर्चमधल्या जुन्या भाषेत 'बर' म्हणजे मुलगा. अमक्याचा मुलगा तमका, असं नाव घेताना मध्ये येतो. तुमच्याकडे काय अर्थ?"

"आहे," बुरुलकान म्हणाली. "किंवा जा."

"वा! एकाच तोंडाने दोन्ही?" योनान हसले. "आणि सूनबाई, तुमच्यात?"

झेबो पावाकडे बघत राहिली. "आमच्यात खूप अर्थ आहेत. फळ. ऊर पण. कुणाला उराशी धरलं की म्हणतात." मग अगदी हळू, "आणि 'ने'. घेऊन जा, असं सांगायचं असलं की."

योनानना मोठी गंमत वाटली. एवढासा शब्द आणि केवढी मुलखगिरी, असं काहीसं ते बोलत राहिले. दोघी बायका एकमेकींकडे बघत नव्हत्या. पायरीवर कुणी नव्हतं.

त्याच आठवड्यात झेबोच्या भावाचा, अमरिद्दीनचा फोन आला. बहिणीला बाळंतपणासाठी आणि पुढे कायमचीच घरी न्यायला तो गाडी घेऊन येणार होता. बुरुलकान विचार करत राहिली. आवाज जवळ जवळ येतोय, तो कशासाठी? 'जा' म्हणतोय, दुसरं काय! तरण्या पोरीने परक्या घरात कुणाची वाट बघत का बसावं? एर्मेकचा स्वभावच तसा. स्वतः मागे राहून दुसऱ्याला पुढे काढणारा.

तिने वाळलेले जर्दाळू पिशवीत भरले. आपली लोकरीची शाल काढली. एवढ्या दिवसांत पोरगी घरात चालते कशी, खोकते कशी, चहात मीठ घालते की नाही, हे सगळं आपल्याला पाठ झालंय, हे तिला ती शाल घडी करताना कळलं.

अमरिद्दीन दुपारी आला. धिप्पाड, लाजरा, सारखा टोपी नीट करणारा. "आपा, रस्ता लांबचा आहे. निघायला हवं," म्हणाला आणि गाडीशी जाऊन उभा राहिला.

बुरुलकान ओसरीवर झेबोच्या पोटाभोवती शाल गुंडाळायला वाकली. गाठ मारताना तिचा कान पोटाशी टेकला.

"बर."

आवाज आतून आला होता.

बाळाचा नव्हे. एर्मेकचा.

ती तशीच वाकलेली राहिली. मग ओठ शालीला लावून, इतकी वर्षं न विचारलेलं तिने किरगीझमध्ये विचारलं, "आहेस का रे?"

"बर."

झेबो रडत होती. "आपा, मी खोटं बोलले. मला पहिल्यापासून ऐकू येतंय. तो गेला त्या दुपारी मी तळावर कोबी चिरत होते आणि माझ्या अगदी जवळून तो 'बर' म्हणाला. ने. मी म्हटलं, काय नेऊ? कुठे नेऊ? मग पोट दिसायला लागलं, तेव्हा समजले. माझ्या आईकडे नाही. तुमच्याकडे. म्हणून आले."

"मग सांगितलं का नाहीस, वेडे?"

"तुम्ही गणिताच्या बाई आहात. हाकलून दिलं असतंत."

बुरुलकानने शालीची गाठ सोडली.

अमरिद्दीन रिकाम्या गाडीने परत गेला. फार वाद घातला नाही. जर्दाळूची पिशवी मात्र बुरुलकानने त्याच्या मांडीवर ठेवलीच. त्यानंतर तो आवाज कुणालाच ऐकू आला नाही. दोघींनी तो विषयही काढला नाही. फक्त बुरुलकान आता बाजारात ठणकावून सांगायची, "माझी सून आहे ती. सरक, बसू दे तिला."

सप्टेंबरअखेरीस काराकोल शहरातल्या दवाखान्यात झेबोला मुलगी झाली. गुटगुटीत, दाट काळ्या जावळाची. नर्सने दुपट्यात गुंडाळलेलं बाळ बुरुलकानच्या हातात दिलं, आणि आजीने करायचं तेच तिने केलं. दुपटं उकलून बोटं मोजली. हाताची बरोबर. पायाची बरोबर.

"पायांचं घाबरू नका हं," डॉक्टरीण जाता जाता म्हणाली. "कधीकधी नवजात बाळांची कातडी सुटते. तेल लावा, जाईल."

बुरुलकानने मान डोलावली. झेबो दमून झोपली होती. खिडकीत लख्ख ऊन होतं.

बाळाचं अंग उबदार होतं. तळवे तेवढे बर्फासारखे गार. आणि एवढ्याशा टाचांना, महिनोन् महिने चालत घरी आलेल्या माणसाच्या असतात, तशा खोल भेगा.

तिने ते पाय आपल्या ओंजळीत घेतले आणि हळूहळू चोळू लागली.