डावीकडचा ब्रेक

हत्तीण गेली हे कळलं मंगळवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास.

हत्तीण म्हणजे घरची गाडी. चारही चाकांना जोर असलेली, एकोणीस वर्षांची, बॉनेटवरचा रंग उडालेली. मेकॅनिकने ती वर उचलून धरली होती. त्याच्या खिशात कायम एक पाना असायचा, म्हणून सगळे त्याला पानाच म्हणत. त्याने स्क्रू-ड्रायव्हर चासीच्या पट्टीला टेकवला आणि जरासा दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. गंजाचा चुरा खाली सांडला.

"बघा दादा," पाना म्हणाला. "बिस्किट झालंय. आता हिला घाट दाखवू नका. मधोमध मोडेल."

"वेल्डिंग?"

"कशाला करू? आत लोखंडच नाही."

गाडीच्या मालकाने स्वतः बोट घालून पाहिलं. एकतीस वर्षं त्याने लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या, आळीत त्याला लिफ्टवाले म्हणूनच ओळखत. दुसऱ्याच्या शब्दावर यंत्र मेलं असं मानायची त्याला सवय नव्हती. बोट आरपार गेलं.

पाना आतलं सामान काढायला लागला. डाव्या सीटपुढचं मॅट उचलून त्याने उजेडात धरलं. उजव्या पायाचा चवडा पडतो तिथे मॅटला भोक होतं.

"वहिनींचा ब्रेक!" तो हसला, आणि लगेच ओशाळला. "ठेवू का हे?"

"ठेव."

लिफ्टवाल्याची बायको गाडी चालवायला कधी शिकली नाही, पण ब्रेक मात्र अठरा वर्षं तिनेच मारला. वळण आलं की तिचा पाय मॅटवर दाबला जायचा आणि तोंडातून "हळू" निघायचं. मुलगी चिडवायची, "बाबा, तुम्ही नुसतं स्टिअरिंग धरून बसता. गाडी चालवते आई."

ती गेलीही त्याच सीटवर, चौदा महिन्यांपूर्वी. दुपारी छातीत दुखायला लागलं म्हणून त्याने गाडी काढली आणि जोरात सोडली. ती "हळू" म्हणाली, त्याने वेग कमी केला. जन्मभर ऐकत आला, तसंच ऐकलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "जाऊन अर्धा तास तरी झालाय." शेवटचं "हळू" त्याने पुलाच्या वळणावर ऐकलं होतं. पुलापासून दवाखाना सात मिनिटांवर. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, मुलीलाही नाही.

आता जीव टांगणीला लागला होता तो मुलीपायी. ती डोंगरावरच्या वेधशाळेत कामाला. जावई बोटीवर, समुद्रात. बाळंतपणाला तीन आठवडे उरले होते आणि तिच्या जागी येणारा माणूस महिनाअखेरीला यायचा होता. "सकाळी आठला, दुपारी दोनला आणि रात्री आठला हवेची नोंद चुकली की वर्षाचा कागद वाया जातो, बाबा," ती म्हणायची. वरचा अकरा किलोमीटरचा रस्ता नुसत्या सुट्या दगडांचा. रुग्णवाहिका पायथ्याशीच थांबायची. "तू फक्त फोन कर, दीड तासात तुला दवाखान्यात पोचवतो," असा शब्द त्याने दिला होता. तो हत्तिणीच्या भरवशावर.

तिची आई रोज सकाळी तिला फोन करायची. विचारायची एवढंच, "आज किती?" मुलगी तापमान सांगायची आणि बायको तो आकडा घरभर मोठ्याने सांगत फिरायची, जणू बातमीच. फोनवर मायलेकींचा आवाज इतका सारखा की त्यालाही फसायला व्हायचं.

बुधवारी तो शोरूममध्ये गेला. नव्या गाडीत नव्या चपलेसारखा वास होता. टाय लावलेला विक्रेता मागे बसला. "सर, आपली स्वतःची समजून चालवा."

पहिल्या वळणाआधी गाडी आपोआप मंदावली. त्याचा पाय ब्रेकवर नव्हता.

"ऑटोमॅटिक ब्रेक, सर. समोर काही आलं की कॅमेऱ्याला कळतं."

"समोर काय आलं?"

विक्रेत्याने मान लांब करून पाहिलं. रस्ता मोकळा होता. "सेन्सर जरा जास्तच हुशार आहे, सर," तो म्हणाला, पण हसला नाही.

स्वतःच्या मर्जीने थांबणारी गाडी नको, असं ठरवून लिफ्टवाला दुसऱ्या दिवशी गुरांच्या डॉक्टरांकडे गेला. ते निवृत्त झाले होते आणि त्यांची बारा वर्षांची गाडी विकायची होती. तीही चारही चाकांना जोर असलेली, आणि डॉक्टरांचा डावा गुडघा कामातून गेला म्हणून बिनक्लचची.

"हिच्या ब्रेकला कॅमेरा-बिमेरा काही नाही," डॉक्टर डाव्या सीटवर बसत म्हणाले. "पेडल, तेल आणि लोखंड. गायीपेक्षा गरीब."

गाडी झकास चालली. चढावर दमली नाही, वळणावर डोलली नाही.  परत आल्यावर डॉक्टर फाटक उघडायला उतरले आणि तो एकटाच गाडी आत घ्यायला लागला.

ब्रेकचं पेडल खाली गेलं.

त्याचा पाय नुसता त्याच्या वर होता, टेकलेलाही नव्हता. पेडल पायाखालून निघून तळाशी गेलं, क्षणभर तिथेच राहिलं आणि वर आलं. गाडी फाटकाच्या वळणावर थांबली होती.

"काय झालं हो?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही. अंदाज घेत होतो."

त्याने ती गाडी घेतली. दिवस थोडे होते आणि दुसरी नव्हती. शिवाय लिफ्ट आपोआप थांबली, असं हजार लोकांनी त्याला सांगितलं होतं आणि दर वेळी कारण सापडलं होतं.

या वेळी सापडेना. पानाने ब्रेक पूर्ण खोलला, तेल बदललं, पुन्हा बसवला. "दादा, कशातच काही नाही." मग लिफ्टवाल्याने आपल्या पद्धतीने तपासायला घेतलं, एकेक गोष्ट बदलून. डाव्या सीटवर पाना बसला, ब्रेक लागला नाही. सीट रिकामी ठेवली, वळणावर लागला. सीटवर तीस किलोचं पोतं ठेवलं, तरी लागला. पुन्हा पाना बसला, नाही लागला.

"मी कायमचा इथेच राहू का?" पाना म्हणाला. "बायकोला फोन करून सांगतो, जेवण गाडीत पाठव." दोघंही हसले. उतरताना पानाने खाली पाहिलं आणि मॅट हळूच पायाने सरकवलं. ते डॉक्टरांनी नवंच टाकलेलं होतं. चवड्याच्या जागेवरची लव बाटलीच्या बुचाएवढी घासून गेली होती.

लिफ्टवाल्याने ठरवलं, मुलीला पुढे बसवायचं. मग काही होणार नाही.

फोन आला तेरा दिवस आधीच, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. "बाबा, या. पाणी गेलंय. डोळ्यापुढं अंधारी येतेय."

वर जाताना प्रत्येक वळणावर ब्रेक लागला. पाऊण तासाचा रस्ता, सव्वा तास लागला. मुलगी पायरीवर बसली होती, हातात नोंदीची वही. चेहरा पांढराफटक.

"पुढे बस."

"नाही बसवत, बाबा. आडवी होते."

"थोडा वेळ तरी बस. माझं ऐक."

"अहो, बाबा, नाही बसवत!"

ती मागच्या सीटवर आडवी झाली. पुढची डावी सीट रिकामी राहिली.

पहिल्या वळणावर पेडल खाली गेलं. दुसऱ्या वळणावर गेलं. मुलगी कण्हत होती, मग कण्हायची थांबली. त्याला आरशात तिचा फक्त हात दिसत होता.

"बोलत राहा गं माझ्याशी."

"हं."

पायथा आला. डांबरी रस्ता लागला. हात सीटवरून खाली लोंबत होता.

"हळू," आवाज आला.

त्याच्या अंगावर काटा आला. बोलतेय म्हणजे शुद्धीवर आहे, असं कुणीही समजलं असतं. मागच्या वेळी त्यानेही तेच समजलं होतं. जिवंत माणसालाच उत्तर देता येईल असं काहीतरी विचारायला हवं होतं.

"आज किती?" त्याने विचारलं. "तापमान किती होतं सकाळी?"

 उत्तर आलं, अगदी स्पष्ट, "एकवीस पूर्णांक चार."

त्याने श्वास सोडला. डोळ्यांत पाणी आलं. पाय ॲक्सिलरेटरवरून निघालाच होता.

"हळू."

समोर पुलाचं वळण होतं.

"नाही," तो मोठ्याने म्हणाला. "तेव्हा तुझं ऐकलं. आज नाही."

त्याने डाव्या बुटाचं टोक ब्रेकच्या पेडलखाली सरकवलं आणि उजवा पाय ॲक्सिलरेटरवर दाबला. पेडल खाली आलं. बोटांवर भार आला. आधी थोडा, मग सगळा, उभ्या माणसाचा असतो तितका. बोटं चिरडत होती. त्याने पाय काढला नाही.

पूल गेला.

भार दवाखान्याच्या दारापर्यंत होता.

मुलगी वाचली. नातही वाचली, अडीच किलोची, मुठी आवळलेली. डॉक्टर म्हणाल्या, "आणताना अर्धा-पाऊण तास तरी बेशुद्ध असतील. अजून दहा मिनिटं गेली असती तर माझ्या हातात काही नव्हतं."

चौथ्या दिवशी मुलगी उशीला टेकून बसली. त्याच्या चपलेतल्या काळ्या पडलेल्या नखाकडे बघून म्हणाली, "हे काय करून घेतलंत?"

"दार लागलं. वाटेत तू मात्र धीराची निघालीस. तापमानसुद्धा बरोबर सांगितलंस."

"मी? मला पायथ्याच्या अलीकडचंच आठवतंय, पुढचं काहीच नाही. किती सांगितलं?"

"एकवीस पूर्णांक चार."

मुलगी बाळाच्या अंगावरचं दुपटं नीट करत होती. तिचा हात थांबला.

"त्या दिवशी सत्तावीस होतं, बाबा," ती म्हणाली. "एकवीस पूर्णांक चार आई गेली त्या सकाळी होतं. तिला शेवटचं सांगितलं ते तेच."

तो खिडकीपाशी गेला. खाली आवारात गाडी उभी होती, काचा बंद. मॅटवरचं घासलेलं आता आरपार झालं होतं. सकाळीच पाहिलं होतं त्याने.

"उद्या घरी सोडतायत," मुलगी मागून म्हणाली. "बाळाला घेऊन मी पुढे बसू की मागे?"