चौथ्या जागेची सही

ताई पंचवीस वर्षं शिवणयंत्रावर बसली आणि पन्नाशीच्या तोंडावर तिथून उठून संगणकासमोर बसली. शिकवायला कुणी नव्हतं. फुकटची पुस्तकं, व्हिडिओ आणि हट्ट एवढ्या भांडवलावर ती प्रोग्रॅम लिहायला शिकली. सवयी मात्र शिंपिणीच्याच राहिल्या.

घर आईच्या नावावर होतं. नोंदणी कचेरीने कागद बंद करून घरांची मालकी ब्लॉकचेनवर नेली, म्हणजे हजारो संगणकांवर एकदमच लिहिली जाणारी, खोडता न येणारी वही. तेव्हा ताईने ठरवलं, आई, धाकटा भाऊ आणि आपण अशी तिघांची मालकी करायची. घर कुणाला द्यायचं तर तिघांच्या सह्या हव्यात. ज्याच्या त्याच्या फोनमध्ये ज्याची त्याची किल्ली; बटण दाबलं की झाली सही.

प्रोग्रॅम चाळीस ओळींचा. पण सही करणाऱ्यांच्या यादीत तिने जागा चार ठेवल्या. कपडा बेतताना शिवणीत माया सोडतात, उद्या अंग भरलं तर उसवून वाढवता यावं म्हणून. तसंच हे. धाकट्याचं अजून लग्न व्हायचं होतं. चौथी जागा रिकामी, म्हणजे तिथे नुसती शून्यं.

रविवारी घर त्या प्रोग्रॅममध्ये टाकायला तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. आईने चष्मा पुसला, पदराला बोट पुसलं आणि जन्मात पहिल्यांदा विमानात बसावं तशा चेहऱ्याने बटण दाबलं. पाठोपाठ बाकी दोघांनी.

पडद्यावर आलं : सह्या चार.

"चौथी कुणाची गं?" आईने विचारलं.

ताईला दहा मिनिटांत चूक सापडली. एखादी फाटकीतुटकी सही आली की यंत्र तिचा मालक शोधतं, सापडला नाही की शून्य म्हणतं. आणि शून्य तर तिच्याच यादीत चौथ्या जागी ऐसपैस बसलेलं. जगात कुठून तरी कुणी कचरा पाठवला असणार.

"माझाच गाढवपणा," ती म्हणाली. तिने सगळं उसवलं, तीनच जागा ठेवून पुन्हा लिहिलं. पुढच्या रविवारी घर नव्या प्रोग्रॅममध्ये हलवलं. तिघांनी बटणं दाबली.

सह्या चार.

"तुझ्या हाताखाली कुणी शिकतंय वाटतं," धाकटा म्हणाला. आईने त्या चौथ्याला लगेच शून्यराव असं नावही ठेवलं. ताई हसली, पण दुपारभर ओळी वाचत राहिली. चारचा आकडा कुठेच नव्हता. घरातल्या राउटरच्या नोंदी काढल्या तेव्हा दिसलं, चौथी सही याच घरातून गेली होती. टेबलाच्या कडेवरून एक चार्जर रिकामाच लोंबत होता. तिने सहज वायर उचलली. कोमट होती.

महिन्याभराने धाकट्याने घराला गिऱ्हाईक आणलं.

"ताई, सोन्यासारखा माणूस आहे. आईला लिफ्टवाला फ्लॅट होईल, तुलाही एक खोली."

"मला या खिडकीतला उजेड हवाय. माझी सही मिळणार नाही."

"शनिवारी बारापर्यंतच थांबणार आहे तो."

"मग बसू दे की वाट बघत."

त्याने सही केली. आईनेही केली. "तो म्हणाला म्हणून दाबलं," ती ताईला म्हणाली. "तू म्हणाली असतीस तर तुझंही दाबलं असतं."

दोन झाल्या. हवी होती एक. आणि ताईने न लिहिलेली एक सही या घरात हिंडत होती. शून्यराव मोजले गेले की घर गेलं.

शनिवारी सकाळपासून ती पडद्यासमोर बसली. ऊन ओट्यावरून फरशीवर उतरलं. धाकटा फोन हातात धरून दारात उभा. बाराला चार मिनिटं कमी असताना तिसरी सही आली. शून्यं. पुढे एकच शब्द होता : नकार.

मागणी बंद झाली.

"ताई, हे चीटिंग आहे."

"अरे, नकाराचं बटण मी लिहिलेलंच नाही," ताई म्हणाली.

धाकटा खुर्ची ओढून जेवायला बसला. राग त्याला कधी टिकवता आलाच नाही. "राहू दे घर," तो घास घेत म्हणाला. "तुम्हीही दोघं आहात."

पुढचे दिवस फार सुखाचे गेले. ताईने खिडकीला नवे पडदे शिवले, कितीतरी वर्षांनी. घरात एक माणूस जास्त आहे असं धरून चालायला तिघांनाही जड गेलं नाही. उलट बरं वाटायचं, कुणीतरी पाठीशी असल्यासारखं.

सोमवारी ती भांडी घासत होती. कोपरापर्यंत साबण. टेबलाशी बसलेल्या आईचा फोन वाजला.

"ताई, काहीतरी आलंय. मी दाबलं बरं का."

"आधी वाचत जा गं."

तिने वाकून बघितलं. मागणी शून्यांकडून आली होती. सही करणाऱ्यांत बदल. काढायचं नाव : ताई. त्या जागी : शून्यं.

मागणीखाली धाकट्यानेही लिहिलं होतं, "ताई, तूच पाठवलंस ना? दाबलं."

दोन.

तिने श्वास सोडला. तिसरी तिची स्वतःची, आणि तिचे दोन्ही हात साबणात होते.

तिसरी आली.

तिने हात पुसून तपासलं. किल्ली तिचीच होती. सही तिचीच होती, एका अक्षराचा फरक नाही. तिचा फोन फडताळात बंद पडलेला होता.

तिने तो सुरू केला आणि आपल्या किल्लीने सही करून पाहिली. उत्तर आलं : या सहीचा मालक सापडला नाही.

"आई," ती म्हणाली.

आईने मान वर केली नाही. तिने कपात चहा ओतला, टेबलापलीकडच्या रिकाम्या खुर्चीसमोर सरकवला आणि मायेने म्हणाली, "ताई, अगं घे ना. निवतोय."