वावालच्या अंगावरचा कोट

"रुडी, मिशी काढ! विधवेला मिशी असते का?" योआन ओरडला.

"माझ्या विधवेला असते!" काळा झगा गुडघ्यापर्यंत उचलून शेजारचा रुडी ठणकावून म्हणाला.

आज राखेचा बुधवार, कार्निव्हलचा शेवटचा दिवस, शाळेला सुट्टी. चार दिवस मार्तिनिक बेटावरच्या त्या बंदरगावाने कार्निव्हलमध्ये नाचून रस्ते झिजवले होते. आता कार्निव्हलचा राजा वावाल मरणार होता. कागदा-लाकडाच्या या राजाची गावभर मिरवणूक, आणि सूर्य बुडताना किनाऱ्यावर दहन! तोवर सगळ्यांनी काळं-पांढरं घालून, रुडीसारख्यांनी तर वावालची विधवा बनून, गळा काढायचा. खोटाच, पण मोठ्ठा.

योआनची ताई सोलेन मात्र गळा काढायला तयार नव्हती. ऑगस्टच्या वादळानंतर बाबांची होडी सापडली. बाबा नाही सापडले. आई तेव्हापासून एकदाही रडली नव्हती. रोज जेवताना चौथं ताट मांडायची, तसंच उचलायची. आज दुपारी मात्र तिने तीनच ताटं मांडली. विसरली असेल, असं सोलेनला वाटलं.

ढोल जवळ आले. वावालची गाडी वळणावरून डुलत आली आणि सोलेन गर्दीतून पुढे घुसली.

वावालच्या अंगात पिवळा कोट होता. गळ्याशी लाल बटण. तिरकं. ते तिनेच शिवलं होतं, आठ वर्षांची असताना!

"बाबांचा कोट! गाडी थांबवा! जाळू नका!" ती हंबरडा फोडून धावली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. "वा गं पोरी! याला म्हणतात रडणं!"

"मी खरंच रडतेय!"

"ते तर दिसतंयच! शाब्बास!"

तिने गाडीवरच्या थेओदोर काकांना गाठलं. "काका, हा कोट कुठून आणलात?"

"जुन्या कपड्यांची पिशवी होती माझ्या दाराशी. कोणाची ते कोण विचारत बसतंय? आणि राजाच्या अंगावरचं काढायचं नसतं. हट बाजूला!"

"अजून बाबांचा वास असेल त्याला," योआन पुटपुटला.

रुडीने दोघांकडे पाहिलं. मग डोक्यावरचा काळा रुमाल घट्ट बांधला.

"योआन, मागून चढ. बटणं सोडायची. सोलेन, तू रडत राहा, ते झकास जमतंय तुला!"

आणि तो धाडकन गाडीपुढे आडवा पडला. "अगं बाई गं! माझा वावाल! चार दिवस नाचलास आणि मला टाकून चाललास! आता मी पांघरू काय? नवऱ्याचा कोट बायकोचा!"

गर्दी खदखदली. मग कोणीतरी ओरडलं, "कोट विधवेला!" पाठोपाठ सगळा रस्ता, "कोट विधवेला! कोट विधवेला!"

"घे बाई, एकदाचा घे!" थेओदोर काका वैतागले. "आणि दाढी कर!"

योआनने कोट खाली फेकला. सोलेनने तो छातीशी कवटाळला, वळली, तर समोर आई.

"आई, कोणीतरी चुकून दिला होता! पण आम्ही सोडवला!"

"मीच दिला, सोलेन."

ढोल वाजतच होते.

"माती द्यायला देहच नाही, तर निरोपाला येणार कोण?" आई हळूच म्हणाली. "म्हटलं, आज सगळं गाव रडणार आहे. त्यात त्याच्यासाठीही रडून घ्यावं. कोणाला कळायचं नाही."

सोलेनला तीन ताटं आठवली.

तिने कोटात नाक खुपसलं. मीठ, मासळी, थोडी तंबाखू. मग लाल बटण दातांनी तोडून मुठीत घेतलं.

"रुडी, मला वर चढव."

तिने वावालला पुन्हा कोट चढवला. बाह्या ओढल्या, कॉलर सारखी केली, उरलेली बटणं एकेक करून लावली. कोट कोणाचा ते थेओदोर काकांना आता कुठे कळलं. त्यांनी टोपी काढली.

"वीस वर्षं वावाल जाळतोय, पोरी," ते म्हणाले. "राजाला इतकं नीट कोणी कधी पाठवलं नव्हतं."

सूर्य बुडाला. जाळ उठला. गाव रडू लागलं आणि आई वाळूत बसून रडली, खांदे गदागदा हलेपर्यंत. योआन तिच्या कुशीत शिरला. सोलेनने मूठ उघडून बटण तिच्या हातात ठेवलं.

शेजारून जाणारी एक म्हातारी कौतुकाने थबकली. "काय सुरेख रडतेस गं! कुठे शिकलीस?"

आईने नाक पुसलं.

"सहा महिने साठवलं होतं, आजी."