दोन बहिणींचे शनिवार

कोटोकुराबा बाजारात त्या दिवशी मान्साचा हात माझ्या हातातून निसटला नसता, तर माझं लग्न कोणाशी झालं असतं, कोण जाणे!

अठरा वर्षं झाली त्याला. मी चोवीस वर्षांची होते. शिक्षिकेचं प्रमाणपत्र हातात होतं, नेमणुकीचं पत्र मात्र कुठेतरी वाटेत अडकलेलं. घरी बसून आईची बोलणी खाण्यापेक्षा म्हणून मी केप कोस्टच्या समाजकल्याण कचेरीत नाव दिलं. ज्या मुलांना आपल्या घरी राहता येत नाही, त्यांना कचेरी दुसऱ्या आईकडे सांभाळायला देते. अशा एका मुलासाठी दर शनिवार द्यायचा, एवढंच आमचं काम. माझ्या वाट्याला आली पाच वर्षांची मान्सा. तिची आई फिलोमिना अक्राच्या इस्पितळात छातीच्या दुखण्यानं पडलेली. मान्सा निवृत्त मास्तरीण सेचिवा मावशींकडे राहायची, नीट जेवायची, नीट झोपायची... आणि एक अक्षर बोलायची नाही. चार महिने!

त्या शनिवारी भर बाजारात ती थबकली, आणि किंचाळली, "एकुआ!"

माझा हात झटकून ती पळाली. समोरून एक नऊ वर्षांची मुलगी तशीच धावत आली. दोघी एका बाईच्या संत्र्यांच्या परातीवर आदळल्या. संत्री पार गटारापर्यंत घरंगळली, बाई शिव्या देऊ लागली, आणि त्या दोघी तिथेच मातीत एकमेकींच्या गळ्यात पडून बसल्या.

मागून धापा टाकत एक उंच तरुण आला. शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात, अंगाला पेट्रोलचा वास.

"मुलगी सांभाळता येत नाही का हो तुम्हाला?"

"आणि तुमची काय बांधून ठेवली होतीत?"

"माझी उगाच नाही पळाली. तुमची ओरडली म्हणून पळाली!"

ओरडली... मान्सा ओरडली होती! माझे डोळे भरून आले.

"अहो— रडताय काय? मी काय एवढं—"

"गप्प बसा आणि संत्री वेचा."

तो मुकाट्यानं खाली बसला आणि वेचू लागला. त्याचं नाव एबो. कोळ्यांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा, आणि शनिवारी एकुआचा सोबती. संत्री वेचता वेचता कळलं, की या सख्ख्या बहिणी. दोघींना जागा असलेलं एकही घर मिळालं नाही, म्हणून त्यांना शहराच्या दोन टोकांना ठेवलं होतं. भेट काय, ‘कागद पूर्ण झाले की’ होणार होती.

सोमवारी आम्ही दोघं कचेरीत हजर. साहेब म्हणाले, "अर्ज द्या. बघू पुढच्या महिन्यात."

एबो शांतपणे म्हणाला, "साहेब, चार महिन्यांनी त्या पोरीचा आवाज परत आलाय. तो फायलीत ठेवायचा की बाहेर, ते तुम्ही ठरवा."

दुपारपर्यंत परवानगी हातात होती. पायऱ्या उतरताना मी त्याच्याकडे चोरून पाहिलं. आज बटणं बरोबर लागली होती.

मग सुरू झाले आमचे शनिवार. किल्ल्याखालच्या किनाऱ्यावर मुली टाळ्या वाजवत उड्यांचा खेळ खेळायच्या. आम्ही उलट्या घातलेल्या होडीला टेकून केळीच्या पानात उकडलेली, मक्याच्या आंबवलेल्या पिठाची केंकी आणि तळलेली मासळी खायचो. मान्सा आता एवढं बोलायची, की सेचिवा मावशी कानात कापूस घालायची धमकी द्यायच्या.

"अराबा म्हणजे मंगळवारी जन्मलेली ना तू?" एकदा त्यानं विचारलं. ‘तुम्ही’ केव्हा गळून पडलं, ते लक्षातही आलं नव्हतं.

"हो. आणि एबो म्हणजेही मंगळवारचाच. त्यात काय?"

"मंगळवारी कोळी समुद्रात जात नाहीत. समुद्रसुद्धा आपल्या वाराला घाबरतो."

"तुझ्या वाराला घाबरत असेल. माझा वार चांगला आहे."

"वार तर आपला एकच आहे..." तो मासळीतला काटा काढत म्हणाला. काटा काढलेला तुकडा त्यानं माझ्या पानावर ठेवला.

त्या एका तुकड्यावर मी आठवडा काढला!

सात महिने असेच गेले. मग धुळीचे वारे सुटले, समुद्र धूसर झाला, आणि बातमी आली की फिलोमिना बरी झाली. तिनं आक्सीम गावात भावाच्या घराजवळ खोली घेतली होती. मुलींना न्यायला ती येणार होती. याच दिवसासाठी तर सगळा खटाटोप होता. तरी रात्री उशीत तोंड खुपसून मी रडले. त्याच आठवड्यात माझं पत्र आलं. नेमणूक टामालेला. थेट उत्तरेला, अख्खा दिवस बसनं.

बसथांब्यावर फिलोमिना मुलींना कवटाळून कितीतरी वेळ उभी होती. बस हलली. दोघी खिडकीतून अर्ध्या बाहेर येऊन हात हलवत होत्या. मी हात दुखेपर्यंत हलवला. शेजारी पाहिलं, तर एबो पाठ फिरवून उभा.

"अरे, बघ तरी! तुलाच शोधतायत त्या."

"मी जाणाऱ्या बसकडे बघत नाही."

मग त्यानं सांगितलं. तोही असाच दुसऱ्यांच्या घरी वाढलेला. त्याच्याकडे दर रविवारी एक दादा यायचा, सोंगट्या शिकवायचा. एका रविवारी ‘येतो हं’ म्हणून गेला, तो आलाच नाही. सात वर्षांचा एबो अकरा रविवार पायरीवर बसून होता. "म्हणून मी कुणाला ‘येतो’ म्हणत नाही," तो म्हणाला.

"मग मला काय म्हणशील? परवा मीही चाललेय. टामालेला."

त्याचा चेहरा क्षणभर उतरला. मग हसला. "चांगली शाळा आहे म्हणतात."

बस्स! एवढंच. मला त्याचा इतका राग आला, की मी निरोपही न घेता चालायला लागले.

टामालेत सहा आठवडे मी त्याला मनातल्या मनात रोज शिव्या घातल्या. सातव्या शनिवारी शाळेचा रखवालदार हसत हसत आला. "मॅडम, फाटकाशी एक माणूस आहे. निदान आतमध्ये माणूस असावा. वरून नुसती धूळ दिसतेय."

एबो होता. पापण्यासुद्धा लाल झालेल्या.

"काय काम काढलंस?" मी हाताची घडी घालून विचारलं.

"काम नाही."

"मग?"

"शनिवार होता..." त्यानं मान खाजवली. "अराबा, तिथे मुली नाहीत म्हणून शनिवार ओका वाटतो, असं मी स्वतःला पाच आठवडे सांगितलं. मग कळलं, मुलींची आठवण वेगळी येते. तुझी वेगळी."

मी डोक्याच्या रुमालाचं टोक भिजवून त्याच्या हातात दिलं. तो तोंड पुसू लागला. आणखीच माखलं.

"परत कधी जाणार?"

"उद्या." एकेक शब्द जपून ठेवल्यासारखा तो म्हणाला, "पण... येतो. पुढच्या महिन्यात."

आणि आला. त्या वर्षात दर महिन्याला आला.

मग दार ठोठावायचा दिवस आला. आमच्यात मुलाकडची वडीलधारी माणसं मुलीच्या घरी येऊन मागणी घालतात. एबोच्या मागे कोण येणार? ज्या म्हातारीनं त्याला वाढवलं, तीही गेली होती. मला धाकधूक होती. बाबा रीतीला पक्के.

ठरल्या सकाळी दार वाजलं. बाहेर सेचिवा मावशी काठी टेकत, ठेवणीतलं कापड नेसून उभ्या. शेजारी आक्सीमहून आलेली फिलोमिना, आणि नव्या वेण्या घातलेल्या एकुआ नि मान्सा. मागे मागणीच्या भेटीची टोपली घेऊन एबो.

"तुमच्या परसात एक फूल पाहिलं," सेचिवा मावशींनी रीतीचं बोलणं सुरू केलं.

बाबांनी रीतीचाच प्रश्न केला, "मुलगा कोणाचा?"

एबोनं मान खाली घातली. हा प्रश्न त्याला प्रत्येक शाळेच्या दारात विचारला गेला होता.

"माझा," फिलोमिना म्हणाली. "मी मरायला टेकले होते, तेव्हा यानं माझ्या पोरींना एकमेकींपासून तुटू दिलं नाही. मी त्याची आई व्हायला आणखी काय लागतं?"

"तुझा कसला?" मावशींनी काठी आपटली. "माझा आहे तो! मुली गेल्यापासून वर्षभर माझ्या हातचं जेवलाय."

"आमचा!" मान्सा एवढ्या मोठ्यानं ओरडली, की शेजारी खिडकीत आले.

बाबा हसत सुटले. "एका मुलाला एवढी माणसं? माझ्या पोरीचं काही खरं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अराबा, यांची भेट स्वीकारू का?"

एबो डोळे पुसत होता. हा प्रश्न मुलीला तीनदा विचारायची रीत आहे.

मी पहिल्याच वेळी तीनदा ‘हो’ म्हणून टाकलं.