रेवतीच्या कानाची गाठ

केतकी ढवळीकरचे कान आजवर अकरा वेळा टोचून झाले होते आणि अकराही वेळा आठ दिवसांत बुजले होते. तिच्या पिढीत कुणाच्याच कानात भोक टिकत नसे. गर्भातल्या बाळाची जखम खूण न ठेवता भरते, पण ती किमया करणारी जनुकं जन्मानंतर झोपी जातात. गर्भातच दिलेला ‘व्रणलोप’ हा उपचार त्यांना जन्मभर जागं ठेवायचा.

तिची बहीण रेवती अकरा वर्षांनी थोरली, व्रणलोपाच्या आधीची. दहाव्या वर्षी आईनं हौसेनं बुगडीसाठी तिचा कान टोचवला आणि तिथं बोराएवढी गाठ आली. आई हळहळली. धाकटीला असलं काही नको, म्हणून तिनं पोटात असतानाच व्रणलोप घेतला.

आता आईला दिसत नव्हतं, ऐकूही फार कमी यायचं. आलेल्याचा कान चाचपून ती माणूस ओळखायची. गाठ लागली की, “रेवू! ये गं बाळा,” आणि मग कोमट तेलानं ती गाठ चोळत तासभर गप्पा. गुळगुळीत कान लागला की, “केतकी का? बस हो.” संपलं! रोज डबा आणायची केतकी, आणि तेल ताईच्या कानाला. पोटात दुखणार नाही तर काय?

मिरजेत ती डॉ. तरन्नुम बागवान यांच्याकडे गेली. “मला ताईसारखा व्रण हवाय.”

डॉक्टर हसल्या. “अहो, व्रण म्हणजे शरीरानं घाईत मारलेलं ठिगळ. तुमच्या ताईंच्या जनुकांना ‘पुरे’ हा निरोप पोचत नाही, म्हणून ते वाढून गाठ झाली. तुमच्या शरीराला ठिगळ मारताच येत नाही.”

“मग ताईची गाठ घालवता येईल?”

“येईल की. मोठ्यांसाठीही व्रणलोप आलाय; तो देऊन गाठ कापली की खूणही उरत नाही. फक्त तो परत काढता येत नाही.”

केतकीनं तो ताईला वाढदिवसाची भेट म्हणून दिला. ताई तिच्या गळ्यात पडून रडली. केतकीला थोडी लाज वाटली, पण थोडीच.

सहा महिन्यांनी रेवती आईजवळ बसली. आईनं कान चाचपला.

“केतकी का? बस हो.”

“आई, मी रेवती!” ती कानाशी ओरडली.

“चेष्टा करू नकोस. माझ्या रेवूच्या कानाला गाठ आहे.” आईनं तेलाची वाटी पदराखाली घेतली. “ती आली की सांग. तेल निवतंय.”

रेवतीनं केतकीकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता.

“तुला रोज असंच वाटायचं का गं?”