आत्याची दुसरी ओळ

आमच्या घरातला नियम असा: माडीवरचा आत्याचा कॉम्प्युटर चालू करायचा नाही, आणि का, ते विचारायचं नाही. मी विचारलंच. कारण आत्या जाऊन वर्ष होत आलं होतं आणि उद्या तो भंगारात जाणार होता. तिने जन्मभर आखलेली अक्षरं, तिचा अख्खा फॉन्ट, त्यातच होता. दुसरी प्रत नव्हती.

जेवणं झाल्यावर काकांनी खुर्ची पुढे ओढली. "ऐकायचंच आहे ना? मग मध्ये बोलू नकोस. माझ्या ओळखीच्या मेकॅनिकच्या बाबतीत घडलेलं आहे. गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार."

त्या कॉम्प्युटरवर दोन सिस्टिम होत्या. एक काकांच्या सिनेमांसाठी, दुसरी आत्याच्या कामासाठी. सुरू केला की मेनू यायचा, हवी ती ओळ निवडायची. डिसेंबरात मेनू आलाच नाही. नुसता काळा पडदा.

"आपोआप?"

"आपोआप कसा? मी जरा डिस्कवर माझी जागा वाढवून घेतली. तिचं आता काय अडलं होतं!"

"म्हणजे बूटलोडर, तो मेनू आणणारा प्रोग्रॅम, तुम्हीच मोडलात."

"काकांना बोलू दे गं," बाबा म्हणाले.

मेकॅनिकने पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू केला. दोन्ही सिस्टिम शाबूत होत्या. त्याने बूटलोडर पुन्हा बसवला, रीस्टार्ट केलं. मेनू आला. निवडीची पट्टी काकांच्या ओळीवर.

"मग ती पट्टी खाली सरकली. तुझ्या आत्याच्या ओळीवर. त्याने वर घेतली. पुन्हा खाली. त्याने कीबोर्डची वायर उपटली... तरी दुसरी ओळ उघडली. पासवर्डची चौकट आली. एक ठिपका पडला. मग दुसरा... कीबोर्ड त्याच्या हातात होता."

धाकट्या भावाने माझा दंड घट्ट धरला.

"पडद्यावर अक्षर आलं. रेघ पुढे जायची. थांबायची. पुसायची. पुन्हा... त्याने प्लग ओढला. पळाला. अनवाणी."

"एवढंच?"

काकांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "सकाळी प्रिंटरमध्ये होता. प्लग... तसाच काढलेला."

कागदावर एकच अक्षर. ळ. तो आत्याला कधीच जमला नव्हता. उजवा फुगवटा दर वेळी कलंडायचा. मी शेजारी बसून पाहिलं होतं. इथे तो ताठ उभा होता.

"नसती बला घरात नको," बाबा हळूच म्हणाले. "जाऊ दे तो उद्या."

"नाही जाणार."

"अगं, पण..."

"जिवंत होती तेव्हा तिच्या कामाला रेघोट्या म्हणालात. गेल्यावर तिची जागाही खाल्लीत. आणि ती परत आली, तेव्हा तुमच्या कोणाच्या मानगुटीवर बसली नाही, बाबा. कामाला बसली. कॉम्प्युटर माझ्या खोलीत येणार. आज, आत्ता. आणि त्याच्यासमोर मी दोन खुर्च्या ठेवणार आहे."