पोकळीवरची पंगत

विश्वकर्मानगरात कुणाला जेवायला बोलावणं ही हल्ली साधी गोष्ट राहिली नव्हती. निदान पिदुरकरांच्या ऋजुताने बोलावलं असेल तर नाहीच. तिचं बोलावणं आलं की माणसं क्षणभर गप्प होत, मग ‘येतो की’ म्हणत, आणि संध्याकाळी अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीसकट सगळं घर तिच्या दारात हजर होई. रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून कुणी लोणच्याची बरणी आणी, कुणी देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पदराखाली धरून आणी. जेवणं आटोपली की ऋजुताची आई म्हणे, “आता कुठं जाता, राहा इथंच.” पाहुणे आढेवेढे न घेता राहत. मग एक-दोन दिवसांत त्यांचं घर जमिनीत जाई.

वर्धा नदीकाठच्या या गावाखालून कोळसा काढून झाला, त्याला बरीच वर्षं लोटली होती. छत तोलायला मध्ये कोळशाचेच खांब ठेवले होते, आणि उरलेल्या पोकळीत, जिला खाणीतली माणसं गोफ म्हणतात, वाळू भरायची होती. वाळू खरोखर कुठे भरली आणि नुसती कागदावर कुठे भरली, हे सांगायला ती कंपनी शिल्लक नव्हती. खांब झिजत गेले. एक दिवस शाळेमागचं एक घर कुलपासकट खाली गेलं, आणि मग भूश्रवण आलं.

त्यासाठी नवं काही पुरावं लागलं नाही. घरोघर इंटरनेट नेणारी काचेची तार गल्लोगल्ली जमिनीत होतीच. जमीन जराशी थरथरली तरी त्या तारेतल्या प्रकाशात किंचित फरक पडतो. तो फरक वाचण्याची युक्ती सापडली आणि तार ऐकू लागली. घरात कुणी चाललं की पावलाचा हादरा खाली जातो. खाली भरीव खडक असेल तर तो एका तऱ्हेने परततो, पोकळी असेल तर दुसऱ्या. माठ घेताना आपण बोटाने वाजवून बघतो, त्यातलाच प्रकार. फक्त इथे वाजवणारी माणसं घरातलीच असत, आणि आपण वाजवतो आहोत हे त्यांच्या गावीही नसे.

ऋजुता गावातल्या भूश्रवण केंद्रात होती. तिच्या पडद्यावर वस्तीतलं प्रत्येक घर हिरवं, पिवळं किंवा, जायच्या बेतात असेल तर, लाल दिसे. एकच घर राखाडी असे, ते तिचं स्वतःचं. आपल्या घराचा निकाल आपणच देऊ नये असा नियम होता. ते घर नागपूरच्या केंद्रातली धनश्री देवगिरकर ऐकायची. दोघींची फोनवर चांगली गट्टी होती, पण त्या घराबद्दल एक अक्षर बोलायचं नाही हेही नियमातच होतं.

खरी अडचण विम्याची होती. जमीन खचून घर गेलं तर भरपाई देणारा भूधस विमा वस्तीतल्या बहुतेकांनी पोटाला चिमटा काढून घेतला होता, आणि तो फक्त अनपेक्षित नुकसानीला लागू होता. घर लाल झालं की केंद्राने मालकाला सूचना द्यायची. सूचना मिळाली की नुकसान अनपेक्षित राहत नसे, म्हणजे विमा संपला. उरत ते नगरपालिकेचे पत्र्याचे गाळे. सूचनेवर शेवटचा शिक्का ऋजुताचा असे, आणि फेरतपासणीच्या नावाखाली तिला तो काही दिवस अडवून धरता येई.

गल्लीतल्या आवारींचं घर लाल झालं तेव्हा तिने पहिल्यांदा असा शिक्का अडवला होता. आवारींची सून सात महिन्यांची गरोदर होती. ऋजुताने काही ठरवलं नव्हतं, नुसतं तिच्या तोंडून निघून गेलं, की सुनेचं डोहाळजेवण आमच्याकडे करू, सगळेच या, राहायलाच या. दुसऱ्या दिवशी आवारींचं घर गेलं. माणसं वाचली आणि विम्याची रक्कमही पूर्ण मिळाली. गल्लीत कुणी काही बोललं नाही, पण सगळे समजले. घरातलं सामान मात्र कुणी हलवत नसे, कारण सामान हलवणं म्हणजे ठाऊक असल्याची कबुलीच.

श्रावण संपता संपता विमा कंपनीचा देशकर नावाचा माणूस केंद्रात आला. पन्नाशीचा, थकल्या चेहऱ्याचा. त्याने चहाही मोकळेपणाने घेतला.

“मॅडम, तारेला पावलं कळतात,” तो म्हणाला. “आमच्याकडे तीच माहिती येते. घर जायच्या आदल्या दिवशी त्या घरातली सगळी पावलं तुमच्या घरात असतात. एकदा, दोनदा ठीक आहे. प्रत्येक वेळी?”

ऋजुताने पडदा त्याच्यापासून जरा वळवला.

“मी तक्रार करायला आलो नाही जी. पण विमा म्हणजे तरी काय? कुणाचं घर जाणार हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून सगळे मिळून भरतात. तुमच्या तारेनं ते ठाऊक करून दिलं. आता यापुढं तुम्ही जेवायला बोलावलं म्हणजे तुम्ही सूचनाच दिली, असं धरणार आहेत.”

“म्हणजे मी कुणाला जेवायला बोलवायचं नाही?”

“बोलवा की. पण मग विमा विसरा.” त्याने कप खाली ठेवला. “माझंही घर असल्याच वस्तीत आहे, मॅडम. तिथं कोण ऐकतं, मला माहीत नाही. मला तर कुणी जेवायलाही बोलावत नाही.”

ही बातमी देशकर गावाबाहेर पडायच्या आत वस्तीभर झाली होती.

त्यानंतर आठवडाही गेला नसेल, निब्रडांचं घर लाल झालं.

छायाकाकू आणि मारोतराव निब्रड पलीकडच्याच दारात राहत. ऋजुताची आई नोकरीला होती, त्यामुळे शाळा सुटल्यावर ऋजुता संध्याकाळपर्यंत काकूंच्याच घरात असायची. तिची वेणी त्यांनी घातली होती, पाढे त्यांनी पाठ करून घेतले होते. मारोतराव खाणीत लोडर होते. ‘या घराच्या खालचा कोळसा म्याच भरला’ असं ते पूर्वी अभिमानाने सांगत. अलीकडे सांगत नसत. निवृत्तीचा सगळा पैसा त्यांनी त्या तीन खोल्यांत घातला होता. काकू डावा पाय किंचित ओढत चालायच्या, आणि पडद्यावर ती ओढ ऋजुताला रोज दिसायची. स्वयंपाकघरातून देवघरापर्यंत, देवघरातून अंगणापर्यंत. आता त्या प्रत्येक पावलाखालून येणारा हादरा रिकामा होता.

तिने फेरतपासणीचा शेरा मारला. दुसऱ्या दिवशी पुन्हा मारला.

“बोलाव ना त्यांना,” आई म्हणाली. तिला पडदा बघायची गरज नव्हती, लेकीचं तोंड बघून तिने ओळखलं होतं.

“बोलावलं तर त्यांचं सगळं जातं, आई.”

“आणि नाही बोलावलं तर?”

ऋजुता ताटावरून उठली. तिला काकूंच्या हाताची चव आठवत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी छायाकाकूच फाटकाशी आल्या. “बाई, आज सांजच्याले जेवाले ये माह्या घरी. साऱ्या गल्लीले सांगतलं. लोकाइच्या घरचं लय खाल्लं, आता माह्यी पाळी.”

ऋजुताने फाटक धरलं. “काकू, एवढ्या लोकांचं घरात कशाला? आमच्या अंगणात करू ना.”

“तुमच्या अंगणात काऊन?” काकूंनी तिच्या डोळ्यांत पाहिलं. “माह्यं घर काय वाईट आहे काय?”

वीस वर्षांपूर्वी पाढा चुकला की काकू अशाच बघायच्या. ऋजुताने मान खाली घातली आणि म्हणाली, “नाही, तुमचं काम वाढेल म्हणून म्हटलं.”

“काम वाढू दे,” असं म्हणून काकू पाय ओढत निघून गेल्या.

दिवसभर ती पडद्यासमोर बसून होती. दुपारनंतर निब्रडांच्या घरातली पावलं वाढू लागली. बायका आल्या असाव्यात, कुणी पाटा घेतला असावा, पोरं इकडून तिकडे धावत असावीत. प्रत्येक हादऱ्यासरशी लाल रंग गडद होत होता. शिक्का मारायला एक बोट पुरलं असतं. पण ती सूचना आधी नागपूरला जाणार, तिथून मालकाच्या फोनवर, आणि काकूंचा फोन दिवसभर उशाखाली पडलेला असायचा. ती उठली आणि चालत निघाली.

निब्रडांच्या अंगणात चपलांचा ढीग होता. पुऱ्या तळल्याचा वास येत होता. दारातून आतलं सगळं दिसत होतं: बैठकीत पानं मांडलेली, गोळाभाताचं पातेलं झाकलेलं, वांग्याची भाजी वाढायला घेतलेली, आवारींची सून तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसलेली. पण पानावर कुणीच बसलं नव्हतं. सगळे भिंतीला टेकून उभे होते. ते ऋजुताच्या पायांकडे बघत होते.

तेव्हा तिला सगळं कळलं. तिला आता कुणाला बोलावता येणार नाही हे काकूंना ठाऊक होतं, म्हणून काकूंनीच तिला बोलावलं होतं. ती उंबरठा ओलांडून आत आली, पानावर बसली, तर घर ठीक आहे. नाही आली तर नाही. कुणी कुणाला काही सांगायचं नाही. वाढदिवस नाही, सण नाही, आणि तरी सगळी गल्ली नुसती तिची पावलं मोजायला जमली होती.

“ये ना आत,” काकू म्हणाल्या. त्यांच्या हातात झारा होता.

उपास आहे म्हणता आलं असतं. पोट बिघडलंय म्हणता आलं असतं. तेवढ्यावर सगळे समजले असते, आणि कदाचित, अगदी कदाचित, देशकरच्या लोकांना त्यातून काही सिद्ध करता आलं नसतं. पण मग माणसं लाजेकाजेस्तव आणखी थोडा वेळ थांबली असती. कुणी पुऱ्या उतरवून घेतल्या असत्या, कुणी पोरांना दोन घास भरवले असते. आवारींचं बाळ जांभई देत होतं.

“सगळे बाहेर या,” ऋजुता म्हणाली. “आत्ता. धावू नका, एकेक करून या. काकू, हे घर राहणार नाही.”

माणसं आली. आवाज न करता, भिंतीच्या कडेने, पोरांना कडेवर घेऊन आली. शेवटी मारोतराव आले आणि त्यांच्यामागे काकू. काकूंनी गॅस बंद केला, मग मागे वळून फळीवरची लोणच्याची बरणी काढली आणि काखेत धरली. अंगणात आल्यावर त्या ऋजुतासमोर उभ्या राहिल्या.

“बोलून दाखवलंस तू.”

“पोरं आत होती, काकू.”

“न बोलताही समजलं असतं आम्हाले,” काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि ऋजुताला तेच सोसवेना. ती रस्त्यातच ओक्साबोक्शी रडली. मारोतरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर गेलं. फार मोठा आवाजही झाला नाही. आधी स्वयंपाकघर गेलं, भरल्या पातेल्यांसकट, आणि मग बाकीचं. कंपनीचं उत्तर सभ्य भाषेत आलं: मालकांना पूर्वकल्पना होती, सबब दावा नामंजूर. साक्ष तारेनेच दिली होती. सगळी पावलं एका वेळी घराबाहेर आली होती, आणि एक जोडी उंबरठ्यापाशी येऊन थांबली होती.

निब्रड दांपत्याला ऋजुता पत्र्याच्या गाळ्यात जाऊ देईना. तिने त्यांना आपल्या मागच्या खोलीत आणलं. काकू तिच्याशी कामापुरतं बोलत. जेवताना मात्र तिच्या पानात न विचारता लोणचं वाढत, अगदी लहानपणी वाढायच्या तसं.

गल्लीतून ऋजुताला आता कुणी जेवायला बोलावत नसे. लोक तिला नावं ठेवत नव्हते. उलट दुकानात भेटले की तिचीच बाजू घेत. पण कुणाच्या दारावरून जाताना ती जरा रेंगाळली की आतलं बोलणं थांबायचं. बारशाला, वास्तुशांतीला तिचं नाव यादीतून गळायचं. ती कुठे पाय ठेवते आणि कुठे ठेवत नाही, हे कुणालाच बघायचं नव्हतं. मग तिनेही चालण्याचा रस्ता बदलला. ती मागच्या बाजूने, नाल्याकाठून घरी येऊ लागली.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी चौघं चहा घेत बसली होती. फोन वाजला. नागपूरहून धनश्री होती, त्यांचं घर ऐकणारी.

“काय गं, किती दिवसांत भेट नाही,” ती म्हणाली. नेहमीसारखीच हसली, पण हसणं मध्येच तुटलं. “रविवारी ये ना जेवायला. नको, रविवार कशाला, उद्याच ये. आईला घेऊन ये. आणि तुमच्याकडे ते काका-काकू आहेत ना, त्यांनाही आण. राहायलाच या सगळे.”

“काही विशेष?” ऋजुताने विचारलं.

“विशेष कशाला हवं? मैत्रिणीने मैत्रिणीला बोलवू नये का?”

ऋजुता गप्प राहिली. पलीकडे धनश्रीही गप्प होती. या फोनखालूनही तीच तार जात होती, आणि त्या शांततेत ओळखीचं काही ऐकू येतं का, याचा ऋजुता कानोसा घेत राहिली. काही ऐकू आलं नाही. ती ‘बघते’ म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

“कोन होतं?” काकूंनी विचारलं.

“धनश्री. नागपूरची. उद्या जेवायला बोलावलंय. सगळ्यांना.”

आईने कप बशीत ठेवला. मारोतरावांनी एकवार पायाखालच्या फरशीकडे पाहिलं. काकू उठल्या, डावा पाय ओढत फळीपाशी गेल्या, आणि बरणीवर हात ठेवून ऋजुताकडे वळल्या.

“बाई,” त्यांनी हळूच विचारलं, “बरणी घेऊ काय सोबत?”